ब्रेकचा मेंदू, घरातले टेबल आणि दुरुस्तीचा हक्क

मोटारीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला आणि तो विझेनासा झाला, की मालकापुढे दोन मार्ग उरतात. अधिकृत सेवा केंद्रात गेल्यास बहुतेकदा संपूर्ण मॉड्यूल बदलण्याचा सल्ला मिळतो. त्याचा खर्च हजारोंच्या घरात जातो आणि गाडी जुनी असेल, तर तो करण्यात अर्थ आहे का, असाच प्रश्न पडतो. दुसरा मार्ग म्हणजे मॉड्यूल स्वतः काढून घरच्या टेबलावर उघडायचे, किंवा ओळखीच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून त्याला सोल्डर मारून आणायचे. हाताच्या कामाचा अभिमान बाळगणाऱ्या कोल्हापुरात हा दुसरा मार्ग अनेकांना खुणावत असेल, तर त्यात नवल नाही. मात्र प्रश्न मिक्सरचा किंवा पंख्याचा नसून ब्रेकचा आहे.

बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोटारीत प्रथम आली. त्यानंतर कित्येक वर्षे आपल्याकडे ती महागड्या गाड्यांचीच चैन होती. एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलच्या आणि एप्रिल २०१९ पासून सर्वच नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. १२५ सीसीवरील दुचाकींनाही ती लागू झाली. हा निर्णय स्वागतार्हच होता. परंतु सक्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतील असंख्य गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे. बसवण्याची सक्ती करताना बिघडल्यावर दुरुस्ती कोण, कोठे आणि कोणत्या माहितीच्या आधारे करणार, याचा विचार मात्र झाला नाही.

या यंत्रणेचे मुख्य भाग तीन. चाकांजवळचे सेन्सर वेग मोजतात, इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ती माहिती तपासतो आणि चाक जाम होण्याच्या बेतात आले, की झडपा व पंप असलेला हायड्रॉलिक ठोकळा त्या चाकावरील ब्रेक ऑइलचा दाब सेकंदात अनेकदा कमीजास्त करतो. त्यामुळे करूळ किंवा आंबा घाटातील ओल्या वळणावर जोराने ब्रेक दाबूनही स्टिअरिंग हातात राहते. दिवा लागला म्हणजे मॉड्यूलच गेले, असे नव्हे. चिखलाने माखलेला सेन्सर, तुटलेली वायर, गंजलेला कनेक्टर, उडालेला फ्यूज किंवा अशक्त बॅटरी यांपैकी काहीही कारण असू शकते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी वस्त्यांत शिरले आणि महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या कनेक्टरमधील गंज पुढे बऱ्याच काळाने डोके वर काढू शकतो. म्हणूनच मॉड्यूलला हात लावण्यापूर्वी स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचणे ही पहिली पायरी ठरते. हजारोंचा वाटणारा खर्च काही वेळा एका सेन्सरवर किंवा साध्या साफसफाईवर भागतो.

मॉड्यूलच बिघडले असेल, तरीही घरच्या दुरुस्तीची कल्पना अगदीच वेडगळ नाही. इंजिनाजवळची उष्णता आणि सततचे हादरे यांमुळे नियंत्रकातील सोल्डरच्या सांध्यांना सूक्ष्म तडे जातात, हा काही मॉडेलमधील परिचित दोष आहे. अनेक गाड्यांत बॅटरी सोडवल्यावर नियंत्रकाची पेटी चार-सहा स्क्रू काढून ठोकळ्यापासून वेगळी करता येते. ब्रेकच्या नळ्या खोलाव्या लागत नाहीत. येथपर्यंतचे काम कुशल हातांच्या आवाक्यातले आहे.

धोका त्यापुढे सुरू होतो. पेटी चिकटवून बंद केलेली असते. ती कापताना सर्किटला इजा होऊ शकते. आतल्या काही जोडण्या केसासारख्या बारीक ॲल्युमिनियम तारांच्या असतात आणि त्यांवर साधे सोल्डर धरत नाही. पेटी पुन्हा नीट बंद झाली नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत जाते. नळ्या खोलल्याच, तर ठोकळ्यात हवा शिरते आणि ती पूर्ण काढण्यासाठी अनेक गाड्यांत स्कॅनरने आतल्या झडपा चालवाव्या लागतात. हवा उरली, तर एबीएसच काय, साधा ब्रेकही पोकळ लागतो. भंगारातून आणलेले मॉड्यूल बाहेरून सारखे दिसले, तरी भाग क्रमांक जुळला नाही किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याची गाडीशी ओळख करून दिली नाही, तर उपयोग शून्य.

एबीएस बंद पडले, तरी साधा ब्रेक सहसा चालू राहतो. पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र पुढच्या-मागच्या चाकांतील दाबाची वाटणीही बंद पडली असण्याची शक्यता असते. अशी गाडी रस्त्यावर आणूच नये.

स्कॅनर आणि सॉफ्टवेअरच्या याच मुद्द्यावर हा विषय तंत्राकडून कायद्याकडे वळतो. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू न देता बाजारपेठ बंदिस्त केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व साधने खुली करा आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असे आयोगाने बजावले. त्याच वेळी स्वतंत्र मेकॅनिकना शुल्क घेऊन प्रशिक्षण देण्याची मुभाही कंपन्यांना दिली. पुढे प्रकरण अपिलांत अडकले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील लवादाने तीन कंपन्यांबाबतचे मुख्य निष्कर्ष कायम ठेवले, दंड मात्र घटवला. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत मोटारींचाही समावेश होता. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. पण संकेतस्थळावर माहिती मिळणे आणि गल्लीतल्या गॅरेजच्या हाती स्कॅनर येणे यांत मोठे अंतर आहे.

आमची साधने सर्वांना दिली तर सुरक्षिततेशी तडजोड होईल, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. तो पूर्णपणे खोटा नाही. पण माहिती दडवल्याने दुरुस्ती थांबत नाही, ती अंधारात होते. कोड न वाचता मॉड्यूल उघडले जाते, आणि काहीच जमले नाही तर दिव्याची वायर कापून गाडी पुढच्या ग्राहकाला विकली जाते. त्या गाडीच्या पुढून चालणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. सुरक्षेच्या नावाने घातलेले कुलूप असे सुरक्षेवरच उलटते.

कोल्हापूर या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहू शकते. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडवला. शिवाजी उद्यमनगराने ऑइल इंजिनांचे सुटे भाग बनवत नाव कमावले, तर येथील फाउंड्र्या आज मोटार उद्योगाला कास्टिंग पुरवतात. वस्तू उघडून समजून घेण्याची ही परंपरा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलपाशी अडते, कारण तेथे पान्यापेक्षा माहितीला महत्त्व आहे. आयटीआय, उद्योजकांच्या संघटना आणि गॅरेजचालक यांनी एकत्र येऊन सामाईक स्कॅनर, दुरुस्त मॉड्यूल तपासण्याची सोय आणि लेखी हमी देणारे केंद्र उभारणे अशक्य नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवा देणाऱ्यावरही सदोष सेवेची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा हक्काबरोबर उत्तरदायित्वही येणारच, आणि ते यायलाच हवे.

तोपर्यंत मालकांनी एवढे करावे : कोड वाचून घ्यावा, सेन्सर व जोडण्या आधी तपासाव्यात, पेटी काढायचीच असेल तर नळ्यांना हात लावू नये आणि आतले काम अनुभवी हातांकडे सोपवावे. दिवा विझला म्हणजे काम झाले, असे मानू नये. मोकळ्या मैदानात कमी वेगाने ब्रेक पारखून मगच गाडी रस्त्यावर आणावी. सरकारने सक्ती केलेल्या सुरक्षेची दुरुस्तीही सर्वांच्या आवाक्यात आणणे, ही त्या सक्तीचीच उरलेली अर्धी जबाबदारी आहे.