ओढ्याकाठची मोजदाद
बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. पण उल्हास नदीला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी आज किती जांभळं उभी आहेत, हे कोण मोजणार? १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरी भागात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. पद्धत साधी आहे: जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, खोडाला टेप गुंडाळायचा आणि घेर लिहायचा. मात्र ओढ्याची खरी राखण करणारी झाडोऱ्यातली कितीतरी मंडळी या टेपच्या हिशेबात येतच नाहीत. शेरणीच घ्या. झुडूपच ते, पानं अरुंद, मुळं दगडांच्या फटीत घट्ट रुतलेली. लोंढा आला की फांद्या आडव्या होतात, ओसरला की पुन्हा ताठ. तिच्या मागे करंज, उंबर, वाळुंज काठ धरून असतात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, तेव्हा उल्हासचा जोर साऱ्या राज्याने पाहिला. तरी ओढ्याला भिंत घालायची म्हटलं की जेसीबी आधी हीच झुडपं उपटतो (आणि त्याला म्हणायचं सुशोभीकरण!). पुढच्या गणनेत ओढ्याकाठासाठी वेगळा रकाना हवा, त्यात झुडपंही हवीत. आणि ही मोजणी जेसीबी यायच्या आधी व्हावी.