लाइव्हचा चुकारा कोण ठरवतो?



पोरगा फोन काठीला बांधून धुऱ्यावर उभा राहतो, "मंडळी, लाइव्हला या" म्हणून हाका मारतो आणि बाप कपाळाला हात लावतो. हे चित्र आता गावोगाव आहे. बाप म्हणतो, पोरगं कामातून गेलं. पोरगा म्हणतो, शेजारच्या तालुक्यातला एक जण यातून महिन्याला लाख कमावतो. बोलणे तिथेच तुटते. हिशेब दोघेही करत नाहीत.

शेतकी महाविद्यालयात आम्हाला पहिल्या वर्षी जे शिकवले ते इथेही लागू आहे. पीक कोणतेही असो, उत्पन्न पाहू नये, खर्च वजा जाता हाती काय राहते ते पाहावे. लाइव्ह हेही एक पीकच आहे. बियाणे म्हणजे फोन, खत म्हणजे रिचार्ज, आणि मजुरी म्हणजे पोराचे तास. आपण कापसात घरच्या माणसांची मजुरी धरत नाही, तशी तोही स्वतःची धरत नाही.

यूट्यूबचेच उदाहरण घ्या. बघणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे तर आधी ५०० वर्गणीदार, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास लोकांनी पाहिलेले असावे लागते. जाहिरातीतला वाटा हवा असेल तर १,००० वर्गणीदार आणि ४,००० तास. (छोट्या व्हिडिओंवरून मोजण्याची वेगळी वाट आहे, ती सोडा.) एवढे जमेपर्यंतची मेहनत फुकट. जमल्यावर कोणी खूश होऊन १०० रुपये पाठवले तर त्यातले फार तर ७० पोराचे, बाकीचे कंपनीचे.

आता समजा, पोरगा रोज तीन तास, महिन्यातले २५ दिवस लाइव्ह करतो. म्हणजे ७५ तास. समजा, लोकांनी महिन्यात २,००० रुपये पाठवले. नव्या माणसाला हे काही कमी नाहीत. त्याच्या वाट्याला १,४००. रिचार्जचे ३५० काढा, राहिले १,०५०. तासाला १४ रुपये. फोनची झीज अजून धरलेलीच नाही. सकाळपासून कापूस वेचणाऱ्या बाईला तासाला याच्या दुपटीहून जास्त पडतात. आणि हे १,४०० तरी लगेच मिळतात का? खात्यावर १०० डॉलर साचल्याशिवाय कंपनी पैसे सोडत नाही. म्हणजे सहा-सात महिने थांबा. कापसाच्या चुकाऱ्यासाठी ज्यांनी खेपा घातल्या, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग लाख कमावणारा खोटा आहे का? नाही, तो खरा आहे. पण ज्या बाजारात वरच्या मूठभरांना बहुतेक पैसा जातो, तिथे त्या मूठभरांकडे बघून पेरणी करायची नसते. एखाद्या शिवारात एकाला एकरी २० क्विंटल झाला म्हणून आपण सगळ्या कोरडवाहू तालुक्याचा अंदाज २० वर बांधत नाही.

या धंद्याची सुरुवात कशी झाली तेही पाहा. २००७ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या जस्टिन कान नावाच्या तरुणाने टोपीला कॅमेरा लावून आपला सारा दिवस लोकांना दाखवायला सुरुवात केली. त्यातून पुढे २०११ साली ट्विच निघाले, गेम खेळताना दाखवण्याचे ठिकाण. २०१४ साली अॅमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरला घेतले. तिथे वर्गणीच्या पैशात साधारण नियम निम्मे-निम्मे. काही मोठ्यांना ७० टक्क्यांचा करार होता. २०२२ च्या सप्टेंबरात कंपनीने जाहीर केले की वर्षाच्या पहिल्या एक लाख डॉलरपुरतेच ७० टक्के, वर निम्मे. पुढे २०२४ मध्ये ही मर्यादा पुन्हा काढली. कारण दोन्ही वेळा कंपनीनेच सांगितले, निर्णयही कंपनीचाच.

कंपनीची बाजूही ऐकून ठेवा, ती अगदीच पोकळ नाही. थेट चित्र पोचवायला खर्च येतो. शंभर प्रेक्षक असलेल्याने महिन्याला २०० तास लाइव्ह केले, तर अॅमेझॉनच्याच जाहीर दराने तो खर्च हजार डॉलरच्या वर जातो, असे ट्विचने तेव्हा मांडले होते. पण स्वतःच्या खर्चाचा असा पैशापैशाचा हिशेब मांडणारी कंपनी समोरच्याच्या तासांचा हिशेब मांडत नाही. उत्पादन खर्च एकाचा मोजायचा आणि दुसऱ्याचा नाही, हा खेळ आपण फार वर्षे पाहिला आहे.

आडतीचे पाहा. भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. ती खरेदीदाराकडून घ्यावी हे २०१६ साली आपल्या राज्यात ठरले, तेही वर्षानुवर्षे ओरड झाल्यावर. लाइव्हवाल्यांच्या पट्टीतून ३० टक्के कापले जातात आणि त्यांची ओरड ऐकायला बाजार समितीचे दारसुद्धा नाही.

बाजारच बंद झाला तर? मायक्रोसॉफ्टचे मिक्सर नावाचे ठिकाण होते. २०२० च्या जूनमध्ये सांगितले आणि जुलैत बंद केले. ट्विचने कोरियातले काम २७ फेब्रुवारी २०२४ ला थांबवले, तिथले जाळे वापरण्याचे दर परवडत नाहीत म्हणून. आपल्याकडे टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली. खेड्यापाड्यांतल्या कित्येक पोरापोरींचे जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. बीजीएमआय हा गेम जुलै २०२२ मध्ये बंद झाला, मे २०२३ मध्ये परत आला. मधले दहा महिने त्यावरच पोट असलेल्यांनी काय करायचे? बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण ज्याचा माल, गिऱ्हाईक आणि पैसा एकाच दारातून जातो, त्याचे दार दुसराच लावतो. एकाधिकार खरेदीच्या काळात कापूसवाल्याने हे भोगले आहे.

म्हणून हा रस्ता बंदच समजायचा का? मला तसे वाटत नाही. चीनकडे पाहा. तिथे २०१६ पासून ताओबाओवर लाइव्ह करून माल विकण्याची पद्धत रुजली. फोन हे नवे अवजार आणि लाइव्ह हे नवे शेतकाम, असा प्रचारच अलिबाबा कंपनीने तिथे केला. एप्रिल २०२० मध्ये शी जिनपिंग शान्शी प्रांतातल्या झाशुई तालुक्यात गेले, तिथल्या काळ्या अळंबीची लाइव्ह विक्री पाहायला. तिथे लोक तोंड विकत नाहीत, माल विकतात, हा फरक मोठा आहे.

त्यातही भांडण झालेच. डाँग युहुई हा शेतकरी घरातला, इंग्रजीचा शिक्षक. २०२१ साली सरकारने खासगी शिकवण्यांवर बंधने आणली, तेव्हा त्याच्या संस्थेने लाइव्हवर शेतमाल विकायला घेतला आणि २०२२ साली तो देशभर गाजला. मक्याचे कणीस तो ६ युआनला विकत होता. दुसरा एक मोठा विक्रेता शिनबा ओरडला, हेच कणीस शेतात ०.७ युआनला मिळते, ही लूट आहे. डाँगने उत्तर दिले की धान्य स्वस्त झाले की शेतकरी मरतो. उत्तर मला आवडले. पण माझा प्रश्न त्या दोघांच्याही पुढचा आहे: त्या ६ युआनमधले शेतकऱ्याच्या घरी किती गेले? भाव चढवणारा शेतकऱ्याचे नाव घेतो, भाव पाडणाराही गिऱ्हाइकाचे नाव घेतो, आणि कणीस पिकवणारा पडद्यावर दिसतच नाही.

आता आपल्या मालाचे. कापूस लाइव्हवर विकता येत नाही. घरची बाई सरकीसकट कापूस विकत घेऊन करणार काय? तो जिनिंगलाच जाणार. ज्वारीचे तसे नाही, ती थेट पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हुरडा, माळदांडी, घरची तूरडाळ, यांना शहरात गिऱ्हाईक आहे. पण एक किलो ज्वारी कुरिअरने पाठवायची तर पुष्कळदा भाडे ज्वारीच्या बरोबरीने जाते. पाच-सहा घरांची मागणी एकत्र करून वीस-तीस किलोच्या गोण्या एकदम पाठवल्या तरच परवडते. ज्वारी नीट वाळवलेली, निवडलेली हवी. एकदा पीठ कडू निघाले किंवा कीड निघाली की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, मग पडद्यावर कितीही गोड बोला.

पोरांना माझे सांगणे एवढेच. शेत गहाण ठेवून किंवा सोसायटीच्या पीककर्जातून महागडा फोन घेऊ नका, हातात आहे त्यावर सुरू करा. गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर स्वतःच्या वहीत उतरवून घ्या, कंपनीच्या खात्यात ठेवू नका. आणि एकट्याने करू नका. गावातल्या दहा पोरांनी मिळून केले तर वजनकाटा, गोण्या आणि भाडे वाटले जाते. बापांनीही "रिकामटेकडा" म्हणणे थांबवावे. सोळा वर्षांखालच्या लेकरांना मात्र यात ओढू नका, यूट्यूबनेही जुलै २०२५ पासून त्यांना एकट्याने लाइव्ह करायला मनाई केली आहे.

जिल्हा बैठकीला येताना तुमच्या गावात लाइव्ह करणारे जे कोणी असतील त्यांना सोबत आणा. गेल्या सहा महिन्यांत किती तास दिले, फोन आणि रिचार्जवर किती गेले, कंपनीने किती कापले आणि बँकेत किती आले, हे चार आकडे कागदावर लिहून आणायला सांगा. नावे लिहिली नाहीत तरी चालेल. दहा-वीस गावांचे असे कागद जमले की कापणीच्या दरावर बोलायला आपल्या हातात काहीतरी असेल.