ज्याचा देव, त्याने पुसावा!

माणूस भाड्याच्या खोलीत चार दिवस राहिला, तरी पाचव्या दिवशी भिंतीला खिळा ठोकतो. कचेरी तर आपल्या आयुष्याचे रोज आठ-नऊ तास घेते. तिथे खिळा नाही, तर निदान टाचणी टोचावीशी वाटणारच! या टाचणीवरून आमच्या कचेरीत जे रामायण झाले, ते थोडक्यात सांगतो.

हल्ली ज्याला 'क्युबिकल' म्हणतात, त्या छातीएवढ्या पडद्यांच्या कप्प्याचे मूळ अमेरिकेत आहे. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीने १९६४ साली 'अॅक्शन ऑफिस' बाजारात आणले. त्यामागे रॉबर्ट प्रॉप्स्ट या गृहस्थाचे डोके होते. हलवता येणाऱ्या पडद्यांची सुधारलेली आवृत्ती १९६८ साली आली. ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे जागा मांडावी, हा त्याचा हेतू. पण पडदे चौकोनात उभे केले, तर थोड्या जागेत पुष्कळ माणसे मावतात, हे मालकलोकांच्या ध्यानात आले. झाले! मोकळेपणासाठी काढलेल्या वस्तूचे खुराडे झाले.

आमच्या खुराड्यांत मात्र संसार थाटले होते. कुठे गणपती, कुठे दिनदर्शिका, कुठे लेकीने काढलेला सहा पायांचा मोर. एका सोमवारी हुकूम आला : 'पडद्यांवर काहीही लावू नये. टेबलावर खाजगी वस्तू एकच ठेवावी.' हिशेबखात्यातल्या बाईंनी शांतपणे विचारले, "चष्मा यात धरायचा का हो?"

हुकूम काढणाऱ्यांचेही अगदीच चुकले नव्हते. एका भाविकाच्या उदबत्तीने धुराची घंटा वाजवून सारा मजला जिन्याने खाली उतरवला होता. दुसऱ्याच्या कुंड्यांनी जाण्यायेण्याची वाट अडवली होती. नियम हवेतच; प्रश्न एवढाच, की ते करायचे कुणी?

इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे आठवतात. ज्यांना आपली जागा आपल्या हाताने मांडू दिली, त्यांचे काम रिकाम्या टेबलावरच्यांपेक्षा ३२ टक्क्यांपर्यंत अधिक भरले. पण तीच मांडणी साहेबाने येऊन पुन्हा बदलली, की वाढलेले काम ओसरले. म्हणजे गुण कुंडीत नाही, ती ठेवणाऱ्या हातात आहे.

हे सारे मी वर कळवले, तेव्हा पाच जणांची समिती नेमली गेली. मी सुचवले, की सफाई करणाऱ्या मावशींनाही विचारावे. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "देव पुसायचा का नाही, तेवढं एकदा सांगा साहेब. पुसला तर म्हणतात हात का लावला; नाही पुसला तर धूळ दाखवतात. आणि फुटला, तर पैसे माझ्या पगारातून!"

समिती गप्प झाली. आम्ही आठवडाभर शोभा आणि शिस्त यांवर वाद घालत होतो. पण या वस्तूंची धास्ती घेऊन रोज सकाळी सहाला कुणी कामाला लागते, हे कुणाच्या गावीही नव्हते.

अखेर नियम पाचच ठरले. एक, कचेरीत विस्तव नाही, मग तो उदबत्तीचा असो की निरांजनाचा. दोन, वाट अडता कामा नये. तीन, शेजाऱ्याचे मन दुखावेल असे चित्र किंवा वचन नको. देव मात्र कुणाचाही चालेल, एकाचा चालला तर सर्वांचा. चार, वस्तू काढायची झाली, तर आधी धन्याला कारण सांगावे. त्याच्या पाठीमागे हात लावू नये. पाचवा मावशींचा : ज्याची वस्तू, त्यानेच ती पुसावी, आणि सफाईत काही फुटले, तरी कुणाचा पगार कापू नये.

वाचकहो, आपल्याही कचेरीत असे नियम व्हायचे असतील, तर समितीत पहिली खुर्ची कुणाला द्यायची, हे आता वेगळे सांगायला नको. गंमत पाहा, पाचवा नियम लागू झाल्यापासून टेबलांवरची गर्दी हुकमावाचून निम्म्यावर आली आहे. सहा पायांचा मोर मात्र जागच्या जागी आहे. त्याला बाई रोज पुसतात.