आधी मीटर, मग सेन्सर

डॅशबोर्डवर पिवळा चेक लाइट पेटला की हुबळीच्या गोकुळ रोडवर काय नि धारवाडच्या टोल नाक्यावर काय, मिस्त्री पहिल्यांदा स्कॅनर लावतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्कॅनर काढल्या काढल्या पार्टची पावती फाडतात, त्याबद्दल आहे.

माझी गाडी 2018 ची, पेट्रोलवरची. दिवा लागला, अॅव्हरेज उतरलं, सिग्नलला थांबलं की मागून कच्च्या पेट्रोलचा वास. एका गॅरेजने कोड पुसून दिवा घालवला आणि त्याचेही पैसे घेतले. आठवडा उलटायच्या आत दिवा परत हजर. दुसऱ्याने थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदलायला सांगितला. तो खर्च ऐकून माणूस गाडी विकून चिगरी बसने फिरायला लागेल.

कोड होता पी 0135. म्हणजे इंजिनाजवळच्या पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. यात ‘सर्किट’ हा शब्द सोडून सगळं वाचलं जातं. सर्किटमध्ये सेन्सर आला, तसा फ्यूज आला, वायर आली, कनेक्टर आला. उंदराने वायर कुरतडली तरी हाच कोड येऊ शकतो. कोड म्हणजे नुसती फिर्याद; आरोपी अजून शोधायचा असतो.

हा सेन्सर साधारण 300 अंशांच्या वर तापला तरच धड बोलतो. तापला की इंधन जास्त झालं तर 0.9 व्होल्टच्या आसपास, कमी पडलं तर 0.1 च्या आसपास, असा सारखा वरखाली होत राहतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल मोजतो. 1976 साली बॉशने आणलेल्या पहिल्या सेन्सरात हीटर नव्हता. तो इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या धगीवरच तापायचा. हीटर बंद पडला की आजचा सेन्सरही तसाच वागतो. म्हणून माझी गाडी धारवाड-हुबळी वीसेक किलोमीटर पळवली की बरी चाले, आणि मराठा कॉलनीतून सुभाष रोडच्या बाजारापर्यंत गेली की पेट्रोल पीत बसे. तापायला वेळच मिळत नव्हता. जादा पेट्रोल न जळता पुढे जात राहिलं, तर आज चांगला असलेला कन्व्हर्टर उद्या खरोखरच जातो.

केश्वापूरच्या एका तरुण मिस्त्रीने मात्र गाडी थंड होऊ दिली. आधी फ्यूज पाहिला. मग सेन्सरचा कनेक्टर सोडून हीटरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावला. तिथे काही ओहम दाखवायला हवेत. मीटर काहीच दाखवेना, म्हणजे आतली तार तुटलेली. इंजिन चालू करून गाडीच्या बाजूने 12 व्होल्ट येतात का तेही त्याने पाहिलं. येत होते. मग म्हणाला, ‘सेन्सर होगेत री.’ सेन्सरच गेला होता, हे पहिल्या गॅरेजनेही अंदाजाने सांगितलं असतं तर बरोबर ठरलं असतं. पण अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत? या तपासणीला काही शे रुपयांचं मीटर आणि थोडा वेळ, एवढंच लागतं.

आपल्याकडच्या एमिशन टेस्टची गंमत वेगळीच. सायलेन्सरात नळी घालतात, आकडा छापतात. समोर पेटलेल्या दिव्याकडे कोणी बघत नाही. इंजिन स्वतः सांगतंय की धूर बिघडलाय, आणि सर्टिफिकेट मात्र हातात! दिवा पेटलेला असेल तर कोड वाचल्याशिवाय सर्टिफिकेट देऊ नये, असा नियम परिवहन खात्याने करायला हवा.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. दिवा नुसता पेटलेला असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश जा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, गाडी बाजूला घ्या. कोड पुसण्याआधी नंबर लिहून घ्या. बिलावर कोड आणि मीटरचं रीडिंग दोन्ही मागा, जुना पार्ट परत मागा. जो मिस्त्री रीडिंग दाखवायला तयार नाही, त्याच्याकडून सेन्सर बदलून घेऊ नका.