प्रवासाचे खरे तास

ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने आपले दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली, पण प्रवास जवळजवळ दोन तास लवकर आटोपला. उत्तर गोलार्धात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे पाठीशी असले की असे घडते. फेब्रुवारी २०२०मध्ये अशाच झोतावर ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचले. एरवी लंडनहून न्यूयॉर्कला जाताना साडेसात-आठ तास धरावे लागतात.

हेलसिंकी–टोकियोचे उदाहरण नेमके उलटे. दोन्ही शहरांतले सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. सायबेरियावरून हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होत असे. २०२२मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले आणि फिनएअरला तेरा तासांपर्यंतचा वळसा पडू लागला.

आपल्या पर्यटन व्यवसायात या गोष्टी सगळ्यांच्या कानावर असतात. तरी कोटेशन देताना दोन शहरांतले अंतर आणि उड्डाणाचा एक ठोकळ आकडा लिहून आपण मोकळे होतो, जाता-येतानाचा फरकही दाखवत नाही. हे थांबायला हवे. वेळापत्रकातला आकडासुद्धा विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. तीन तास आधी विमानतळ गाठणे, मधला थांबा, इमिग्रेशनची रांग, सामानाची वाट पाहणे, यातले काहीच त्यात धरलेले नसते. पुण्या-नाशिकच्या प्रवाशाला तर मुंबईपर्यंतचा रस्ताही असतो.

आपले कितीतरी प्रवासी साठी-सत्तरीतले आहेत. मुलाकडे किंवा लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत निघालेल्या मधुमेही बाईंना इन्सुलिन कधी घ्यायचे हे डॉक्टर सांगतील, पण त्यासाठी डॉक्टरांना घर सोडल्यापासूनचे सलग तास कळायला हवेत. तिकिटावर तर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा छापलेल्या असतात. त्यांची वजाबाकी करून प्रवाशाने तास काढले, तर उत्तर चुकणारच. त्यात लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे बदलतात, हे सहलीची आखणी करतानाच पाहिले पाहिजे.

म्हणून आमची विनंती आहे. प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत जाण्याचे आणि येण्याचे, घरापासून मुक्कामापर्यंतचे एकूण तास वेगवेगळे लिहा. पोहोचण्याची तारीख ठळक छापा. विमान कंपनीने मार्ग किंवा वेळ बदलली, तर प्रवाशाला त्याच दिवशी फोन करा.