दुःखाच्या घरी बायबल नेताना

मुळशीत पिरंगुटहून आत वळलं की उरवडे लागतं. ७ जून २०२१ रोजी, सोमवारी दुपारी, इथल्या एका रसायनांच्या कारखान्याला आग लागली. आत अडकलेले बरेच कामगार गेले. त्यांत बहुतेक बायका होत्या.

अशा घटनेनंतर चौकशी होते, ती सरकार करतं. दुसरी चौकशी ओट्यावर होते, हळू आवाजात. ह्यांच्याच वाट्याला हे का आलं? कोणी म्हणतं, मागच्या जन्मीचे भोग. आपल्या ख्रिस्ती घरांत हेच जरा वेगळ्या शब्दांत बोललं जातं. प्रार्थना कमी पडली असेल. घरात काहीतरी पाप असणार. देव शिस्त लावतोय.

गेलेल्या माणसांचा धर्म कोणता, हा इथे प्रश्न नाही. तुम्ही विश्वासणारे आहात, रोज वचन वाचता आणि कुणाच्या घरी काही वाईट झालं की बायबल काखेत धरून भेटायला जाता. चांगलंच करता. फक्त निघण्याआधी थोडं ऐका.

लूकचं शुभवर्तमान उघडा. तेरावा अध्याय, पहिली पाच वचनं. घाई न करता वाचा.

यरुशलेमेत शिलोह इथला बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली होती. सरळ अपघात. प्रभू येशू स्वतःहून तो विषय काढतो. ही अठरा माणसं शहरातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती असं तुम्हाला वाटतं का, असं विचारतो. उत्तरही तोच देतो, आणि ते 'नाही' असं आहे. मग समोर उभ्या असलेल्यांना बजावतो, की तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल.

हे शेवटचं वाक्य बरेच जण उचलतात आणि दुःखात बसलेल्या माणसाला ऐकवतात. तसं करू नका. ते मेलेल्यांच्या घरच्यांसाठी बोललेलंच नाही. ते कारण शोधत हिंडणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे तुमच्यामाझ्यासाठी.

योहानाच्या नवव्या अध्यायातही तेच. जन्मापासून आंधळा माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो.

तेव्हा पहिली गोष्ट: त्या घरात कारण सांगायला जाऊ नका.

तिथे गेल्यावर गप्प बसता आलं तर बसा. ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री जमिनीवर न बोलता बसले होते. तिथवर त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय ते ईयोबाला त्याची चूक दाखवत राहिले. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो ह्या मित्रांवर. देवाशी भांडणारा ईयोब मात्र नीट बोलला, असं देवच सांगतो.

म्हणून त्या घरातली बाई 'देवानं माझंच का नेलं' असं ओरडली तर तिला गप्प करू नका. 'असं बोलू नये' म्हणू नका. तिला बोलू द्या. शास्त्रात तिच्यासाठी जागा आहे.

आता ईयोबाच्या मित्रांबद्दल आणखी थोडं. त्यांची भाषणं ऐकायला फार धार्मिक वाटतात. त्यांतलं एखादं वाक्य चौकटीत घालून भिंतीवर लावलं तर कुणाला खटकणारही नाही. वाक्य बायबलमध्ये आहे, एवढ्यावर विसंबू नका. बोलतंय कोण, कुणाशी आणि कधी, हे आधी बघा. रानात येशूची परीक्षा झाली तेव्हा सैतानानंही स्तोत्रातलंच वचन पुढे केलं होतं. मत्तयाचा चौथा अध्याय वाचा, सापडेल.

कॅलेंडरवर आणि व्हॉट्सॲपवर एक वचन नेहमी येतं, यिर्मया २९ मधलं अकरावं. देवाच्या मनात तुमच्या भल्याचा विचार आहे, अशा अर्थाचं. वचन सुंदर आहे. पण त्याच्या वरचं, दहावं वचन कधी कुणी पाठवतं का? त्यात सत्तर वर्षं थांबावं लागेल असं लिहिलंय. हे सगळं बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. त्यात त्यांना सांगितलंय की तिथेच घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलांची लग्नं करा.

नवरा गेलेल्या आणि दोन मुलं शाळेत असलेल्या बाईला नुसतं अकरावं वचन दिलंत, तर महिन्याभरात तिला वाटेल की देव तरी खोटा किंवा माझा विश्वास तरी खोटा. पूर्ण पत्र वाचून दाखवलंत तर तिला कळेल, लांबच्या वाटेवर निघालेले लोक आधीही होते. द्यायचंच असेल तर आख्खा अध्याय द्या.

ज्या घरी जाल तिथे कुणी आजारीही असेल, म्हणून दवाखान्याबद्दल थोडक्यात. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून वडिलांनी प्रार्थना करावी असं आहे. जरूर करा. पण गोळ्या बंद करा असं तिथे कुठेच नाही. पौलानं तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. टीबीची, साखरेची, फिटची औषधं डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नका. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं कुणी सभेत सांगितलं तर उठून घरी या.

विश्वास असलेल्यांवर संकट येत नाही, असंही कुणी सांगेल. त्याला केडगावचं नाव सांगा. केडगाव आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंडकडे आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी मुक्ती मिशन उभं केलं. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या तिथल्या सिस्टरांशी धर्ममतांवर वाद घालत राहिल्या. पटलं नाही ते पटलं नाही म्हणाल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणलं. ते काम संपत आलं असताना, १९२१ साली, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला त्याही गेल्या. छापलेलं पूर्ण बायबल १९२४ साली निघालं.

ह्या बाईची प्रार्थना कमी पडली, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

तुमच्या घरी रमाबाईंचं भाषांतर असो, बायबल सोसायटीचं असो की फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल असो. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. तरी वर सांगितलेले सगळे अध्याय दोन्हींत आहेत. अडलं तर पाळकांना किंवा फादरना विचारा. विचारायला लाजू नका.

राहिली क्षमेची गोष्ट. इथे सर्वांत जास्त नुकसान होतं.

कारखान्यात माणूस गेला की काही दिवसांत कुणीतरी येतं आणि म्हणतं, तुम्ही ख्रिस्ती, क्षमा करा, तक्रार कशाला, कोर्टकचेरी कशाला. ते ऐकू नका. मनातला राग सोडणं वेगळं आणि हक्काचे पैसे सोडणं वेगळं. फटके मारायला बांधलं तेव्हा पौलानं आपण रोमी नागरिक आहोत हे सांगून शिक्षा थांबवली. पुढे त्यानं थेट कैसराकडे दाद मागितली. याकोबानं तर कामकऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते असं लिहिलंय. आणि अन्यायी न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा जाणारी विधवा येशूनं गोष्टीत आणली ती शाबासकी देण्यासाठीच.

म्हणून भेटायला जाताना हेही विचारा: हजेरीचं कार्ड कुठे आहे? पगाराची चिठ्ठी आहे का? ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर कुठे लिहून ठेवलाय? ठेकेदाराचं पूर्ण नाव काय? सगळे कागद एका पिशवीत घाला, त्यांच्या झेरॉक्स काढा. कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका. मंडळीत कुणी वकील किंवा कामगार संघटनेतलं असेल तर त्याला पुढच्या वेळी सोबत न्या.

ईएसआय असेल तर तिथे अर्ज करा. नसेल तर कायद्यानं नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. त्याला मुदत असते, उशीर करू नका.