शोकाच्या घरी, तुरुंगाच्या दारी



ज्या घरातील कमावता माणूस मरण पावला आहे ते घर आणि ज्या घरातील माणूस तुरुंगातून सुटून परत आला आहे ते घर, ही दोन्ही घरे आपल्या वस्तीत बहुधा एकाच गल्लीत असतात. पहिल्या घरी लोक जातात, दोन दिवस बसतात आणि आपापल्या कामास लागतात. दुसऱ्या घरी कोणी जातच नाही. दोन्ही घरांची चूल मात्र सारखीच थंड असते, आणि दोन्ही घरांतील मुलांची शाळा सारखीच सुटते. या दोन्ही घरांचे सरकारकडे काही न्याय्य देणे आहे. ते देणे मागण्यास आपण शिकलो नाही, ही गोष्ट आज आम्ही आपल्यापुढे स्पष्टपणे मांडू इच्छितो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरकारी मदत म्हणजे धर्मादाय, ती मागणे म्हणजे हात पसरणे, आणि ज्याने धम्म स्वीकारून स्वाभिमानाची वाट धरली त्याने ती मागू नये, असे काही नवदीक्षित कुटुंबांस वाटते. या भावनेमागील स्वाभिमान आम्हांस आदरणीय वाटतो; परंतु हा विचार धम्माला धरून नाही. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त पाहा. राजाने सर्व काही केले, परंतु निर्धनांस धन दिले नाही; त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली, चोरीतून शस्त्र आले आणि शस्त्रातून हत्या आली, अशी कार्यकारणांची साखळी तथागतांनी तेथे दाखविली आहे. कूटदंत सुत्तातही हेच सांगितले आहे. राज्यातील लूटमार केवळ फाशीने व बंदिवासाने थांबत नाही. शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि चाकरास वेतन दिल्यानेच ती थांबते. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या धम्माने राजास त्याचे कर्तव्य सांगितले, त्या धम्माच्या अनुयायांनी त्या कर्तव्याची आठवण सरकारास द्यावयाची नाही तर कोणी द्यावयाची?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांचा कामगारांच्या आरोग्यविम्यासंबंधीचा अहवाल १९४४ साली सादर झाला, आणि पुढे १९४८ च्या राज्य विमा कायद्याचा पाया त्यावर घातला गेला. कामगार आजारी पडला, अपंग झाला किंवा मेला, तर त्याच्या घरास दयेवर सोडता कामा नये, हे तत्त्व असे कायद्यात आले. राज्यघटनेचे ४१ वे कलमही बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत राज्याने साहाय्य करावे असे सांगते. तेव्हा अर्ज करणाऱ्या विधवेने मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. आपली नवी मुंबई एकाच शहराच्या नावाने ओळखली जात असली, तरी सरकारी दप्तरांत ती दोन जिल्ह्यांत विभागलेली आहे. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या वस्त्या ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कळंबोली, कामोठे, तळोजा ही रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात मोडतात. पुष्कळ भगिनींचे हेलपाटे केवळ एवढ्याच कारणाने वाया जातात. कोणत्या तहसील कार्यालयात जावयाचे हे आधी निश्चित करा, आणि तेथे संजय गांधी योजनेची शाखा कोठे आहे ते विचारा.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाचा कमावता माणूस मरण पावल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. निराधार विधवेस संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मासिक साहाय्य मिळते. ते २०२३ साली दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. याच योजनेत शिक्षा भोगत असलेल्या कैद्याच्या पत्नीचाही समावेश आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. मृत माणूस बांधकामावर मजुरी करीत असेल आणि इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी चालू असेल, तर त्या मंडळाकडून वारसास वेगळी रक्कम मिळते. कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे काम करताना भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर त्यास जोडलेल्या विम्याचा हक्क वारसास असतो. मलनिस्सारण वाहिनीत किंवा मैल्याच्या टाकीत उतरून मृत्यू आल्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये भरपाई ठरविली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती ३० लाख रुपये झाली. जातीय अत्याचारात खून झाल्यास अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार, २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे, ८ लाख २५ हजार रुपये व वारसांस निवृत्तिवेतन देणे सरकारवर बंधनकारक आहे.

परंतु हे सारे हक्क कागदावर उभे असतात, आणि कागद नेमका शोकाच्या दिवसांत हरवतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, आणि मृत्यू ज्या गावी वा शहरी घडला तेथेच ती होते. मुंबईच्या रुग्णालयात प्राण गेला असेल तर दाखला मुंबईतच मिळेल. वाशीस किंवा पनवेलीस तो शोधण्यात अर्थ नाही.

येथे नवदीक्षित कुटुंबांस आमचे एक आग्रहाचे सांगणे आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही घरात मृत्यू झाला की जुने नातेवाईक येतात, दहावे-तेराव्याची भाषा बोलतात, आणि विधवा सावकाराचे किंवा बचतगटाचे कर्ज काढून पंगती उठविते. ज्या तेरा दिवसांत दाखला, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक व कामाचा पुरावा एकत्र करावयाचा, ते तेरा दिवस भटाच्या यादीत जातात. पुण्यानुमोदनाचा साधा विधी करा, भिक्खूंकडून वा बौद्धाचार्यांकडून त्रिशरण-पंचशील घ्या, आणि त्याच बैठकीत वस्तीतील एखाद्या शिकलेल्या मुलास मृताच्या कागदांची यादी करावयास बसवा. मृताविषयीचा आदर याहून अधिक चांगल्या रीतीने व्यक्त होणार नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. विहारात बौद्ध पद्धतीने लागलेला विवाह महापालिकेत नोंदविला नसेल, तर पतीच्या मृत्यूनंतर आपण त्याची पत्नी आहोत हे सिद्ध करण्यात त्या बाईचे वर्ष जाते. म्हणून मंगलपरिणयानंतर नोंदणी कराच. दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. धर्मांतरानंतर अनुसूचित जातीचे केंद्रीय हक्क आपल्या समाजास चौतीस वर्षे नाकारले गेले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांस ते मिळाले. तेव्हा बौद्ध म्हणून नोंद केल्यास हक्क जातील, ही भीती निराधार आहे. कोणी कारकून तसे सांगत असेल, तर त्याचे म्हणणे त्याच्याकडून लेखी मागा.

आता दुसऱ्या घराकडे या. तळोजा मध्यवर्ती कारागृह आपल्या शहरातच आहे. त्याच्या दाराशी भेटीसाठी ताटकळणाऱ्या स्त्रियांत आपल्या आयाबहिणी नाहीत असे कोण म्हणेल? सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. याचा अर्थ असा की, चारांतील तिघांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नव्हता. त्यांतील अनेकजण जामीन मंजूर होऊनही केवळ रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहतात. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली गरीब बंद्यांस साहाय्य देण्याची योजना आखली. काही गंभीर गुन्हे वगळता, कच्च्या कैद्यास जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्यास दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत तीत ठरविण्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने, प्रथमच गुन्ह्यात सापडलेल्या व जन्मठेप वा फाशीची शिक्षा नसलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ काढला की त्यास सोडण्याची तरतूद केली. त्याच्यावर अन्य खटला प्रलंबित नसला पाहिजे, एवढेच. कोठडीतील प्रत्येक माणसास, तसेच अनुसूचित जातीच्या प्रत्येक व्यक्तीस, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो.

शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या माणसाच्या पुनर्वसनाचे काम महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याकडे असते. मुक्त बंद्यास व्यवसायासाठी साहाय्य मागावयाचे ते त्याच्याकडेच. आत असतानाच घरासाठी कर्ज मिळावे म्हणून राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यास ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली, आणि कैद्यास ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देऊ केले. कैद्याच्या श्रमाला पत आहे, हे त्या योजनेने मान्य केले.

आणि जेथे ही दोन्ही दुःखे एकत्र येतात त्या घराचे काय? माणूस तुरुंगात गेला आणि तेथेच मेला, अशा घराचे काय? राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये यासंबंधी धोरण ठरविले. काम करताना अपघात, वैद्यकीय हलगर्जीपणा, कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा कैद्यांतील भांडण यांमुळे मृत्यू झाल्यास वारसास पाच लाख रुपये, आणि आत्महत्या झाल्यास एक लाख रुपये, असे ते धोरण आहे. पैशाने माणूस परत येत नाही. परंतु कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी होणे हा कायदा आहे, आणि त्या चौकशीचा अहवाल मागितल्याविना कोणत्याही कुटुंबाने स्वस्थ बसू नये.

सरकारासही चार शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. कुटुंब लाभाची रक्कम २०१२ साली १०,००० वरून २०,००० झाली आणि तेथेच थांबली. निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली, म्हणजे महिन्यास १,७५० रुपये. तुर्भ्याच्या झोपडीचे भाडेदेखील या रकमेत भागत नाही. ज्या विधवेने दोन घरची धुणीभांडी केली ती या हिशेबाने श्रीमंत ठरते! उत्पन्नाचा दाखला देणाऱ्या तलाठ्यास हे खोटे ठाऊक असते, मागणारीस ठाऊक असते आणि मंजूर करणाऱ्यासही ठाऊक असते. गरिबास खोटे बोलावयास लावणारा नियम हा नियम नव्हे, ती कायद्याची विटंबना होय. तो बदलला पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

पण बंधूंनो, सरकारास दोष देऊन आपली सुटका होत नाही. अंगुलिमालाची कथा आपण सारे जाणता. बाबासाहेबांनीही पतित व गुन्हेगार यांच्या धम्मप्रवेशाच्या प्रकरणात ती घेतली आहे. तिच्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. अंगुलिमालास पकडावयास निघालेला प्रसेनजित राजा त्याचे पालटलेले जीवन पाहून नम्र झाला, आणि त्यास चीवर, भिक्षा, निवास व औषध देण्यास सिद्ध झाला. श्रावस्तीचे लोक मात्र त्यास दगड मारीत राहिले. राजा बदलला; वस्ती बदलली नाही. आपल्या वस्तीचे आज काय आहे? सुटून आलेल्या माणसास खोली भाड्याने मिळत नाही, त्याच्या बहिणीचे लग्न मोडते, आणि विहाराच्या समितीतील शहाणी माणसे त्यास मागच्या रांगेत बसवितात.

ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला गेला त्यांनी तरी हा शिक्का दुसऱ्यावर मारू नये. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरविल्या गेल्या, आणि १९५२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत त्या तारेच्या कुंपणात व हजेरीच्या वहीत अडकून पडल्या. त्या भटक्या-विमुक्तांतील असंख्य लोकांनी २७ मे २००७ रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर धम्म स्वीकारला. ते आज आपले धम्मबांधव आहेत. तुरुंगात झाडण्याचे काम एका जातीस आणि स्वयंपाकाचे दुसऱ्या जातीस देण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली, आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. न्यायालयाने जे तुरुंगाच्या वहीतून पुसले, ते आपल्या मनाच्या वहीत आपण जपून ठेवावयाचे काय?

याचा अर्थ गुन्ह्यास पाठीशी घालावे असा कोणी करू नये. पंचशील मोडणे हे मोडणेच. ज्याच्या घरचा माणूस मारला गेला त्याच्या घरी आधी जा. त्यासही विधी सेवा प्राधिकरणामार्फत भरपाई मागण्याचा हक्क आहे, तो त्यास मिळवून द्या. परंतु न्यायालयाने दिलेली शिक्षा संपल्यावर समाजाने दुसरी शिक्षा सुरू करणे यास न्याय म्हणता येणार नाही.

म्हणून ऐरोलीपासून तळोजापर्यंतच्या प्रत्येक विहारास आमची विनंती आहे. दर पौर्णिमेस वंदना झाली की अर्धा तास या दोन घरांसाठी राखून ठेवा. कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोणता कागद अडला, कोण सुटून आला, त्यास काम कोण देईल, याची एक वही ठेवा. ती वही स्त्रियांच्या हाती द्या, कारण कार्यालयांचे उंबरठे बहुधा त्याच झिजवितात. अर्ज नाकारला गेला तर लेखी कारण घ्या आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा आदेश सभेतील घोषणेसाठी दिलेला नाही. तहसील कार्यालयाच्या खिडकीपाशीही तो तितकाच लागू आहे.

करुणा ही केवळ मनात बाळगावयाची भावना नव्हे. येत्या पौर्णिमेस त्या दोन घरांची दारे ठोठावा, आणि आत गेल्यावर प्रथम विचारा: कागद कोणता राहिला आहे?

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.